पान लागलंय, गाडी पाठवा

संपादकांचा फोन आला. "यंदाचा आपला दिवाळी अंक अवकाशावर आहे. तुम्ही सॅटेलाइटमध्ये नोकरीला होता ना? मग काहीतरी हलकंफुलकं लिहा, नोकरीतल्या गमतीजमती." आता पहिली गोष्ट, मी सॅटेलाइटमध्ये नव्हतो. सॅटेलाइट वर होतं आणि मी खाली कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात गुडघाभर चिखलात होतो. दुसरी गोष्ट, गंमत एक सांगतो, पण हलकंफुलकं फार काही निघेल असं वाटत नाही. ज्या प्रकरणासाठी मी लिहायला बसलोय ते आठवलं की अजून माझं टाळकं सणकतं आणि बायको आतनं विचारते, "गोळी घेतलासा काय?"

माझं घर रामनगरला. वडील खानापूरकडनं येऊन इथं किराणा दुकान टाकून बसले. मला दुकानात बसायचा कंटाळा, म्हणून मी टेलिफोनच्या खांबांवर चढलो. बरीच वर्षं तारा ओढल्या. मग तारा गेल्या आणि तबकड्या आल्या, तेव्हा एका खासगी कंपनीच्या ठेक्यावर लागलो. ज्या गावात मोबाइलचा टॉवर नाही तिथल्या रेशन दुकानाला, पोस्टाला, आरोग्य उपकेंद्राला तबकडी बसवायची आणि ती चालू ठेवायची, एवढंच माझं काम. रॉकेट मी तुमच्याइतकंच पाहिलंय, टीव्हीवर.

ज्यांना या धंद्यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. छत्तीस हजार किलोमीटर वर काही उपग्रह असे असतात की ते पृथ्वीबरोबरच फिरतात, त्यामुळं खालनं बघणाऱ्याला ते एका जागी उभे असल्यासारखे. आपल्या इथनं बघितलं तर ते दक्षिण अंगाला. तबकडीचं तोंड एकदा नेमकं तिकडं करून बोल्ट आवळले की ती वर्षानुवर्षं तिथंच बघत राहते. मध्ये भिंत नको, डोंगर नको, झाड नको. ओला पाला तर अजिबात नको, कारण ही लहर पाण्यात जिरून जाते. आता जोयडा तालुक्यात झाड नको म्हणायचं म्हणजे समुद्रात जाऊन पाणी नको म्हणण्यासारखं आहे. आमच्याकडं पाणी मुबलक, लाकूड मुबलक, जळवा मुबलक, पण मोकळं आभाळ शोधावं लागतं. ते शोधण्यात मी हुशार होतो. नकाशावर बोट ठेवून अभियंत्यांनी दिलेल्या जागा मी कितीदा बदलल्या असतील, आणि एकदाही चुकलो नाही, हे मी स्वतःच स्वतःविषयी सांगतो कारण दुसरं कोणी सांगणार नाही.

गमतीचं आधी उरकतो. कुंभारवाड्याकडच्या एका वाडीत रेशन दुकानाला मी तबकडी बसवली. मृग लागला आणि पाऊस आला की लाइन गायब. मशीनवर अंगठा उमटेना, अंगठा नाही म्हणून तांदूळ नाही. मी दोनदा गेलो. दोन्ही वेळा जाऊन बघतो तर सगळं ठाकठीक, सिग्नल झकास. डबा बदलला, वायर बदलली, वरच्या साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. तिसऱ्या वेळी बस चुकली आणि मी मागच्या पायवाटेनं, न सांगता पोचलो. तर तबकडीच्या डोक्यावर इरलं! बांबूच्या काड्या आणि पाल्याचं, शेतात लावणी करताना बायका डोक्यावर घेतात तसलं, चांगलं भलंमोठं, खास बेतून विणलेलं. दुकानदाराचे म्हातारे वडील मला बघून लगबगीनं उठले आणि त्यांनी ते काढून बाजूला ठेवलं.

"हे काय हो आजोबा?"

"भिजूलालं न्हवं का ते. सरकारचं येवढं यंत्र, उघड्यावर."

"मग आता काढलंसा कशाला?"

"पावणा आल्यावर डोक्यावर इरलं ठेवत्यात व्हय?" म्हातारा माझ्याकडं अशा नजरेनं बघत होता की हा कुठल्या घरचा.

म्हणजे मी येतोय हे लांबनं दिसलं की ते रीत म्हणून इरलं उतरवायचे आणि मी पाठ फिरवली की पुन्हा चढवायचे. मी खूप हसलो. घरी येऊन बायकोला सांगितलं, तीही हसली. पण त्या दोन महिन्यांत वाडीला तांदूळ वेळेवर मिळाला नाही, आणि दोन फेऱ्यांत मी म्हाताऱ्याला "तुम्ही याला पावसात काय करता?" एवढं साधं विचारलं नव्हतं. आमच्या धंद्यात विचारायची पद्धतच नाही. वरनं खाली सिग्नल येतो, वरनं खाली आदेश येतो, खालच्या माणसानं फक्त सही करायची.

आता मूळ गोष्ट. दिग्गी हे गाव ज्यांनी पाहिलं नाही त्यांना एवढंच सांगतो की पावसाळ्यात तिथनं बाहेर पडायचं म्हणजे ओहोळाला विचारून पडावं लागतं. टॉवर नाही. जंगल राखीव, वाघाचं. अशा गावांसाठी आपत्तीच्या योजनेतनं एक उपग्रह फोन मंजूर झाला. हातात मावणारा, जाड अँटेनाचा. तो आशा कार्यकर्ती शेवंता वेळीप हिच्या ताब्यात द्यायचं ठरलं. शेवंता चाळिशीची, काटक, बोलायला फटकळ. गावातली निम्मी पोरं तिच्या हातावर जन्मलेली. मला अण्णा म्हणायची, आणि पहिल्याच दिवशी म्हणाली, "अण्णा, ह्यो बंद पडला तर तुमाला शिव्या कुठनं घालू? फोन तर ह्योच."

उपग्रह फोन ही गंभीर चीज आहे. परवान्याशिवाय जवळ बाळगला तर माणूस थेट आत जातो, आणि ते बरोबरच आहे. ज्यांना देशाचं वाईट करायचंय तेही हाच फोन वापरतात, कारण त्याला टॉवर लागत नाही. खाली किनाऱ्याला नौदल, मध्ये धरणं, सभोवार जंगल. अशा ठिकाणी कोण कुठनं बोलतोय यावर सरकारनं कान ठेवलाच पाहिजे. मी त्या नियमाच्या विरुद्ध एक अक्षर बोलणार नाही. माझा राग कान ठेवण्यावर नाही. राग कशावर आहे ते पुढं येईलच.

फोनबरोबर फॉर्म आला. त्यात एक चौकट, 'वापराचे ठिकाण'. अक्षांश, रेखांश, आणि इमारत सरकारी पाहिजे. दिग्गीत सरकारी इमारत म्हणजे शाळा. मी फोन घेऊन शाळेच्या अंगणात उभा राहिलो, मागं गेलो, पुढं गेलो, कौलांवर चढलो. आभाळ म्हणून दिसत होतं ते ताटलीएवढं, आणि तेही उत्तरेकडं. दक्षिणेला भेरलीमाड आणि जांभळींची भिंत. फोन शाळेतनं लागणं शक्य नव्हतं. गावाच्या वर, चढून गेलं तर पाऊण तासावर, सडा आहे. काळा खडक, झाड नाही, आभाळ मोकळं. तिथं फोन पहिल्या घंटेला लागला. मी शेवंताला सड्यावर नेलं, तोंड कुठल्या दिशेला करायचं ते तिथल्याच एका दगडावर खडूनं बाण काढून दाखवलं, तीनदा तिच्याकडनं फोन लावून घेतला.

फॉर्ममध्ये मी 'शाळा व सडा' असं लिहिलं. ऑफिसातनं माझ्या साहेबांनी फोन केला. "एक फोन, एक ठिकाण. सडा ही इमारत आहे काय? हे असं पाठवलं तर अर्ज परत येईल आणि पावसाळा निघून जाईल. शाळा लिही." मी शाळा लिहिली. सही केली. मला वाटलं, कागदावर काही का असेना, गावाला फोन तर मिळाला. असल्या हुशारीवरच आपला अर्धा देश चालतो आणि मीही त्यातलाच एक शहाणा.

पुढच्याच पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, भर दुपारी माझा मोबाइल वाजला. मी रामनगरच्या बाजारात उभा होतो, मागं ट्रकांचा गोंगाट. शेवंताचा आवाज, धापा टाकत.

"अण्णा, जानकीला पान लागलंय. गाडी पाठवा."

इथं थांबून सांगायला हवं. आमच्याकडं साप चावला असं कोणी म्हणत नाही. 'पान लागलं' म्हणतात. त्या जनावराचं नाव घेतलं तर ते परत येतं. वाघालाही वाघ म्हणत नाहीत, 'थोरला' म्हणतात. जंगलात राहणाऱ्या माणसांचं हे व्याकरण आहे आणि मला ते घरातनंच येतं, कारण माझी आजीही असंच बोलायची.

"कुठं लागलंय?" मी विचारलं.

"पायाला. खाचरात. दवाखान्याचा फोन कुणी उचलंना."

"गाडी सांगतो. माल शिल्लक हाय काय तेबी बघतो, न्हाईतर जोयड्यातनं मागवतो."

"थोरल्या वाटंनं गाडी घालू नका म्हणावं. थोरला बसलाय तितं काल धरनं."

'माल' म्हणजे मला सापाच्या विषावरची लस म्हणायचं होतं. किराणा दुकानदाराचा पोरगा मी, आमच्या घरात साखरेपासनं औषधापर्यंत सगळा मालच. मी ओळखीच्या ड्रायव्हरला गाठलं, दवाखान्यात माणूस पळवला. जानकीला तिच्या नवऱ्यानं, पुनोनं, पाठीवर घालून ओहोळापर्यंत आणलं. गाडी दुसऱ्या वाटेनं पोचली. पोरगी वाचली. चोवीस-पंचवीस वर्षांची असेल. मी दवाखान्यात जाऊन बघून आलो तेव्हा पुनो माझे पाय धरायला लागला. मी म्हणालो, "अरे, माझं कसलं? शेवंता सडा चढली." त्या दिवशी मला माझ्या धंद्याचा जेवढा अभिमान वाटला तेवढा आधी कधी वाटला नव्हता.

आठवड्यानं निरोप आला, कुंभारवाड्याला पंचायतीच्या खोलीत हजर व्हा. शेवंतालाही बोलावलं होतं. चौकशीसाठी आलेले अधिकारी बाहेरचे, तरुण, सभ्य. चहा घेतला, खुर्ची दिली, आवाज एकदाही चढवला नाही. कुठल्या खात्याचे ते मी लिहीत नाही. त्यांच्यापुढं एक कागद होता. आमच्या संभाषणाचा, मराठीतनं उतरवून दुसऱ्या भाषेत केलेला. त्यांनी तो आम्हाला हिंदीत वाचून दाखवला. त्याचं पुन्हा मराठी करून सांगतो.

अनोळखी बाई: जानकीसाठी पान पोचलं आहे. गाडी पाठवा. पुरुष: कुठं पोचलं? बाई: पायथ्याला. पुरुष: माल शिल्लक आहे का बघतो, नाहीतर मागवतो. बाई: मोठ्याच्या वाटेनं गाडी घालू नका, मोठा तिथं बसला आहे.

तुम्हीच सांगा, कोणाला संशय येणार नाही? पुण्यामुंबईकडचा कोणी तरी भला माणूस कानाला यंत्र लावून बसला असेल. 'पायाला'चं त्यानं 'पायथ्याला' केलं. त्याच्या मराठीत पान म्हणजे पान. त्यातनं फोन नोंदलेल्या ठिकाणाहून नाही, राखीव जंगलातल्या उघड्या खडकावरनं झालेला. सांकेतिक भाषा, चुकीचं ठिकाण, जंगल, माल. सगळं जुळलं.

अधिकाऱ्यांनी शेवंताला विचारलं, "पान म्हणजे काय?"

मी तिला प्रश्न मराठीत सांगितला. तिनं मान फिरवली.

"बाई, सरळ सांगा. पान म्हणजे काय?"

"सांगनार न्हाई."

"का?"

"जानकीचा पाय अजून सुकला न्हाई. पाय सुकंपर्यंत आमी नाव काडत न्हाई. घरात न्हाई, गावात न्हाई, तुमच्याफुडं तर न्हाईच."

मी पुढं झालो आणि ओरडून म्हणालो, "साहेब, साप! तिला साप चावला होता!" शेवंतानं कपाळावर हात मारून घेतला आणि माझ्याकडं असं बघितलं, जणू मी जानकीच्या अंथरुणात ते जनावर सोडून आलोय. अधिकारी म्हणाले, "मग ही स्वतः का सांगत नाही?" आणि त्यांनी लिहिलं, 'उत्तर देण्यास नकार'. दवाखान्याचा कागद आहे, म्हणालो, बघा. म्हणाले, तोही बघू.

मग माझी पाळी. "हा फोन शाळेतनं लागतो का?"

"नाही."

"मग नोंद शाळेची कशी?"

माझे साहेब बेळगावहून येऊन कोपऱ्यात बसले होते. त्याच महिन्यात ठेक्याचं नूतनीकरण होतं. त्यांनी मान हलवली नाही, खाकरले नाहीत, काही नाही. नुसते माझ्याकडं बघत राहिले. आणि मी म्हणालो, "बसवला तेव्हा लागत होता साहेब. नंतर झाडं वाढली असतील."

एका वर्षात! शंभर वर्षांची जांभळीची झाडं एका वर्षात वाढली, असं मी पंचायतीत बसून सांगितलं. ते लिहून घेतलं गेलं. मग शेवंताला प्रश्न, "म्हणजे नोंदलेल्या जागेवरनं फोन तुम्ही परवानगीशिवाय हलवलात?" मी तिला तो मराठीत सांगितला. मीच सांगितला, माझ्या तोंडानं. तिला सड्यावर नेणारा मी, दगडावर बाण काढून देणारा मी. ती एक शब्द बोलली असती तर माझी नोकरी गेली असती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "व्हय. म्याच न्हेला." फोन पडताळणीसाठी जप्त झाला. पावतीवर साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

आता राग कशाचा ते सांगतो. त्या दुपारी शेवंतानं दोन ठिकाणी फोन लावला. दवाखान्यानं फोन उचलला नाही. मी उचलला. आणि तिसरं कोणी तरी ते सगळं ऐकलं. 'पोरीला लागलंय, गाडी पाठवा' हे धापा टाकत बोलणाऱ्या बाईचं बोलणं, ज्याच्याकडं देशातली सगळी यंत्रं आहेत अशा माणसानं ऐकलं, उतरवून घेतलं, भाषांतर केलं, वर पाठवलं. आठवड्यात माणसं दिग्गीच्या दारात आली. म्हणजे यायचं ठरवलं तर येता येतं! उपग्रह आपले, कान आपले, गाड्या आपल्या. पण हे सगळं ऐकण्यासाठी आहे, उत्तर देण्यासाठी नाही. एवढा पैसा आणि एवढी बुद्धी लावून आपण आभाळात जे उभं केलं, त्याच्या खालच्या टोकाला कोण उभं आहे, ते कुठल्या भाषेत बोलतं, कुठल्या खडकावरनं बोलतं, याचा फॉर्ममध्ये रकाना नाही. धोरण करणाऱ्यांनी शत्रू डोळ्यांपुढं ठेवला, ते ठीक. शेवंताला डोळ्यांपुढं ठेवायला काय झालं होतं?

पुढं ऐका. महिनाभरात पत्र आलं. 'आक्षेपार्ह काही आढळले नाही. नोंदणीकृत ठिकाणाहून यंत्र व्यवस्थित चालते असा तंत्रज्ञाचा दाखला मिळताच यंत्र परत करावे.' तंत्रज्ञ म्हणजे मी. साहेब म्हणाले, "कर सही, फोन उद्या दिग्गीत." त्या दिवसापर्यंत मला झोप नव्हती. शेवंताचं ते "व्हय, म्याच न्हेला" कानातनं जात नव्हतं. मी ठरवलं, आता खोटं नाही. मी दाखल्यावर लिहिलं, 'यंत्र शाळेतून चालत नाही, कधीही चालत नव्हते. ते सड्यावरून चालते. ठिकाण बदलून सड्याची नोंद करावी.' साहेबांनी डोकं धरलं. मी छाती काढून घरी आलो. बायकोला म्हणालो, आज खरं लिहिलं.

खरं लिहिल्यावर काय झालं? ठिकाण बदलायचं म्हणजे नवा अर्ज. सड्यावर सरकारी इमारत नाही, म्हणून खुलासा. सडा राखीव जंगलात, म्हणून त्या खात्याचा ना हरकत दाखला. तो दाखला द्यायचा तर फोन कोणाच्या ताब्यात आहे? पडताळणीत आहे. पडताळणी संपली काय? तंत्रज्ञाचा दाखला आल्यावर संपेल. कागद असा गोल फिरत राहिला आणि फोन शहरातल्या कुठल्याशा कपाटात पडून राहिला.

आणि इकडं पाऊस. दिग्गीत वाऱ्यानं झाड पडलं ते पुनोच्या गोठ्यावर. पुनो आत जनावरं सोडवत होता. छातीवर वासा आला. पण तो शुद्धीवर होता, बोलत होता. 'माझं न्हाई, म्हशीचं बघा,' म्हणत होता. शेवंता सवयीनं घराकडं पळाली आणि फोनच्या रिकाम्या खोळीला हात लागला तेव्हा तिच्या ध्यानात आलं. हे मला तिनंच सांगितलं. मग एक गडी कुंभारवाड्याकडं गाडी आणायला पळाला, ओहोळाला वळसा घालून. बाकीच्यांनी घोंगडीची झोळी बांबूला बांधून पुनोला उचललं. सकाळी निघालेल्या माणसांना गाडी दिसेपर्यंत दिवस कलला. पुनो ओहोळाच्या अलीकडंच गेला. डॉक्टर म्हणाले, आत रक्तस्राव होता, दोन तास आधी मिळाला असता तर काही करता आलं असतं. डॉक्टर असं सगळ्यांनाच सांगतात की काय मला माहीत नाही. मला ते लागलं एवढं खरं.

बाराव्याला मी दिग्गीला गेलो. जानकी भिंतीला टेकून बसली होती. तिचा पाय सुकला होता. शेवंता मला बाहेर घेऊन आली आणि म्हणाली, "अण्णा, फोन कुठं अडला?"

मी सगळं सांगितलं. पहिल्या फॉर्मवर काय लिहिलं ते, दाखल्यावर काय लिहिलं ते. सही केली असती तर फोन दुसऱ्या दिवशी आला असता हेही सांगितलं. मनातनं मला वाटत होतं की ती म्हणेल, खरं लिवलासा ते बरं केलासा.

ती म्हणाली, "पैल्यांदा खोटं लिवलासा, तवा मला इचारलं न्हाई. आता खरं लिवलासा, तवाबी इचारलं न्हाई."

विचारलं असतं तर ती म्हणाली असती, आधी फोन आणा, मग तुमचं खरं लिहीत बसा. एवढं तिला कळत होतं. मला माझं मन हलकं करायची घाई झाली होती, आणि त्याची किंमत जानकीनं मोजली.

त्यानंतर वर्षभरात मी निवृत्त झालो. जायच्या आधी पंचायतीतल्या माझ्या जबाबाविषयी वर पत्र लिहिलं, की झाडं वाढली हे खोटं होतं आणि शेवंतानं कोणताही नियम माझ्या सांगण्यावाचून मोडलेला नाही. 'आपले पत्र मिळाले' एवढं उत्तर आलं. फोन अजून दिग्गीला परतलेला नाही. चौकशी केली की सांगतात, नवं धोरण येतंय, आता शेकडो छोटे उपग्रह फिरणार, कानाकोपऱ्यात इंटरनेट येणार, तोपर्यंत थांबा. येऊ दे. मी वाचलंय त्या धोरणाबद्दल, पेपरात आलं तेवढं. शत्रूचा विचार आहे, परदेशी कंपन्यांचा विचार आहे, आभाळातल्या कचऱ्याचाही विचार आहे. सड्यावर उभ्या असलेल्या बाईचा विचार मला कुठं सापडला नाही.

संपादकांचा फोन आल्यावर हे सगळं लिहायचं ठरवलं, पण यावेळी लिहायच्या आधी दिग्गीला गेलो. शेवंता खळं सारवत होती. म्हणालो, "शेवंताबाय, दिवाळीच्या पुस्तकात हे छापायचं म्हणतोय. तुझं नाव बदलू काय? उगीच पुन्हा कोणी विचारायला येईल."

तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"न्हाई. नाव घाला. त्यो साहेब वाचत हुता तवा मी ऐकलंय. माझ्या बोलन्याफुडं त्येनं 'अनोळखी बाई' म्हणून लिवलंय. अनोळखी कुणाला? ह्या गावात मला वळखत न्हाई असं एक कुत्रं दाखवा."

तर लिहितो. भर पावसात सडा चढून फोन करणारी बाई शेवंता वेळीप, राहणार दिग्गी, तालुका जोयडा. फोन शाळेतनं लागत नाही हे पहिल्या दिवसापासनं ठाऊक असून विचारल्यावर ज्यानं झाडांवर ढकललं, तो मी. माझं नाव लेखाच्या वर छापलेलं आहे.